एका कासवाची पाच नावं

॥ श्री ॥

अमरावती,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय सत्तार,

तुला आणि आयशाभाभींना सलाम. तुझा पोरगा वकार आता पूर्ण वेळ दुकानात बसतो असं कानावर आलं, बरं वाटलं. आमच्याकडे मंडळी ठीक आहेत. मला साखर निघाली आहे, पण थोडीच. कॉलेजातली नोकरी तशीच चालू आहे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची दारं सकाळी उघडायची, संध्याकाळी लावायची, मधल्या वेळात बरण्या पुसायच्या. सत्तावीस वर्षं झाली.

फोन तू उचलत नाहीस. तीनदा लावला, मग लक्षात आलं की तुझ्याकडे तो वाजतच नसेल. म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टर. अकोल्याच्या तुझ्या गादी कारखान्याच्या पत्त्यावर टाकतो आहे, घरच्या नाही. घरी आलं तर तुझ्या लेकीच्या, निखतच्या हाती पडेल. आधी तू वाचावंस असं मला वाटतं.

वर श्री घातला आहे. आठवतं का, शाळेत मी पाटीवर श्री काढायचो, तू ७८६ लिहायचास, आणि आपले गुरुजी म्हणायचे, "दोघायनं बी देवाले कामाले लावलं, आता गणित तुमी सोडवा." आपलं दोघांचंही गणित कच्चंच राहिलं.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. आमच्या थोरल्या खुशालभाऊची तूर निघाली, हरभरा घाट्यांवर आहे. भाऊ थकला, पण कोणाचं ऐकत नाही. आमच्या विहिरीवर गेलो. आपलं कासव आहे अजून. ऊन खायला खालच्या दगडावर आलं होतं. पाठीच्या कडेची ती खाच वरूनही दिसते. पाचवीत असताना आपण पूर्णेच्या पात्रात ते पकडलं होतं, तळहाताएवढं होतं. तू ते दप्तरात घातलंस, मग दप्तर खडकावर आपटलंस आणि कासवाच्या पाठीची कड तुटली. तू रडायला लागलास, "मरन का रे हे?" म्हणून. विहिरीत कासव सोडलं की पाणी साफ राहते असं आजा सांगायचा, म्हणून आपण ते तिथे सोडलं. मेलं नाही. आपण दोघं पन्नाशीला आलो आणि ते आहे तसंच आहे.

निखत कशी आहे? शिकवणीच्या वर्गावर शिकवते असं ऐकलं. अकरावी-बारावीचं जीवशास्त्र. तिच्यासारखी मुलगी.

तू नेहमी म्हणायचास, "पोरगी काय करते ते मले समजत नाही. उंदीर, तितर अन् कासवं, याच्यात पीएचडी कशाची?" तिनं एकदा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून मला समजावून सांगितलं होतं. मी रोज पोथी वाचतो हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, "काका, समजा छापखाने नाहीत. पोथी हातानं उतरवून घ्या लागते. उतरवणारा किती बी सावध असला तरी एखादं अक्षर चुकतेच. मंग त्या नकलेवरून दुसरी नक्कल. जुनी चूक राहते, नवीची भर पडते. दोन गावच्या दोन पोथ्या समोर ठेवल्या, किती अक्षरं वेगळी आहेत ते मोजलं, अन् त्या पोथ्या एकमेकीपासून कधी दूर गेल्या ते माहीत असलं, तं उतरवणारा किती घाईचा होता हे निघते." प्रत्येक जिवाच्या अंगात अशी पोथी असते, तिला डीएनए म्हणतात, आणि ती पिढी दर पिढी उतरवली जाते. उंदराचा लेखनिक फार घाईचा. पक्ष्यांचा त्या मानानं सावध. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र सगळे सारखे नाहीत. साप घाईचा निघाला आहे, आणि कासवाचा लेखनिक सगळ्यात हळू, अक्षर अक्षर तपासून लिहिणारा. जगात हे पुष्कळांनी मोजलं आहे. आपल्या वऱ्हाडातल्या जिवांवर ते मोजून पाहावं, एवढाच तिचा ध्यास.

आपल्या पूर्णेचं पाणी तापीतून पश्चिमेच्या समुद्राला जातं. चांदूर-तिवशाकडचं पाणी वर्धेतून पूर्वेच्या समुद्राला. एका खोऱ्यातलं कासव दुसऱ्या खोऱ्यात जात नाही, म्हणजे त्यांच्या पोथ्या केव्हाच्या दूर झालेल्या. तिनं पाच ठिकाणं धरली. पूर्णेच्या बाजूला आपलं गाव, अचलपूरकडचं देवस्थानचं तळं आणि पातूर. वर्धेच्या बाजूला चांदूर आणि तिवसा. उंदरांच्या शेपटीची टोकं आणि तितरांची गळलेली पिसं तिनं स्वतः जमवली. कासवाचं थेंबभर रक्त आणण्याचं काम माझ्याकडे होतं. वनखात्याची परवानगी होती, त्यात माझंही नाव होतं.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिलं.

तू शेवटचा आमच्या दारात आलास तेव्हाचं बोलणं मी विसरलेलो नाही. तिच्यावर खोटे नमुने दिल्याचा आळ होता, दुसऱ्या दिवशी चौकशी होती, आणि तू म्हणालास, "तू चल. इतके वर्ष पाहून राहिला तू तिले. दोन शब्द बोल." मी म्हणालो, मला बोलावणं नाही, मी कोण, शिपाई माणूस. तू चप्पल घालता घालता म्हणालास, "जीवन, कासव बी कधी तं मान बाहेर काढते."

त्यानंतर एकोणीस महिने झाले.

येत्या १७ तारखेला तिच्या अपिलाची सुनावणी आहे असं कॉलेजात कळलं. त्याच्या आतच तुला लिहायचं होतं. जे लिहायचं होतं ते राहिलंच, गावच्या गोष्टीत कागद भरला. पुन्हा लिहितो.

तब्येतीला जप. रुईची धूळ नाकात जाते, रुमाल बांधत जा.

तुझा बालमित्र,
जीवन

॥ श्री ॥

अमरावती,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सत्तार,

सलाम. पोचपावती आली, तिच्यावर वकारची सही आहे. म्हणजे पत्र पोचलं. उत्तर नाही, ते मी समजू शकतो.

आज सकाळी पोथी वाचायला बसलो आणि एकाच ओवीवर अडकलो. तीच ओळ चारदा वाचली. मग पोथी बांधून ठेवली आणि हा कागद घेतला. आता आडवळण घेत नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये निखत आपल्या गावी आली होती. विहिरीत दोरानं पाटी सोडून मी कासव वर काढलं. तिनं ते मांडीवर घेतलं, मान हळूच ओढून धरली आणि सुईनं दोन थेंब रक्त काढून नळीत सोडलं. मला म्हणाली, "पाहा काका, डास चावल्यासारखं. आता तुमी करा." तिनं माझा हात धरून एकदा करून घेतलं. ती पहिली नळी. त्या नळीवर गावाचं नाव तिच्या अक्षरात होतं.

बाकीच्या चार ठिकाणी मी एकट्यानं जायचं ठरलं. तिला यायचं होतं. मीच म्हणालो, "बेटा, देवस्थानचं तळं आहे. तिथचे पुजारी तुले पाण्याजवळ येऊ द्याचे नाहीत. उगाच बोलाबोली होईन. मी जातो." तिनं ऐकलं. मोठ्यांचं ऐकायची तिला सवय, तूच लावलेली.

अचलपूरची एसटी पकडून मी गेलो. दुपार होती. आधी देवळात गेलो. तुला माहीत आहे, आमच्यात देवळात शिरलं की आधी जमिनीतल्या दगडी कासवाला हात लावून डोक्याला लावायचा, मग देवाकडे पाहायचं. लहानपणापासूनची रीत. तो हात लावला आणि त्याच हातानं पिशवीतली सुई काढून तळ्यावर आलो. पायरीवरच एक कासव होतं. भाविक त्यांना फुटाणे टाकतात, त्यामुळे ती माणसाला भीत नाहीत. ते माझ्याकडेच आलं. मान लांब काढून.

सत्तार, मला सुई लावता आली नाही. वाटलं, आत्ताच ज्याच्या पाया पडलो त्याच्याच मानेत सुई कशी खुपसू? देवाच्या दारातलं रक्त न्यायचं, तेही नळीत भरून? पायरीवर दोन तास बसून राहिलो. म्हातारे पुजारी वामनराव दोनदा येऊन पाहून गेले. मी उठलो आणि परत फिरलो.

त्या दिवशी अमरावतीला न येता मी सरळ गावी गेलो. विहिरीत पाटी सोडली. आपल्या कासवाला एकदा सुई लागलीच होती. जिथे पाप एकदा होऊन गेलं आहे तिथे दुसऱ्यांदा करताना हात कापत नाही. नळी भरली. तिच्यावर मी चांगल्या अक्षरात 'देवस्थान तळे, अचलपूर' असं लिहिलं.

नंतरच्या तीन नळ्याही त्याच विहिरीवर भरल्या.

नमुने तपासले गेले. आधी जी चाचणी झाली ती आईकडून पिलात उतरणाऱ्या पोथीची. पाचही कासवांची अक्षरं तंतोतंत सारखी निघाली. निखतला आनंद झाला. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पेढे आणवले. दोन खोऱ्यांतल्या उंदरांत इतका फरक, तितरांत त्याहून कमी, आणि कासवांत एका अक्षराचाही नाही. हळू म्हणजे किती हळू, असं सगळे म्हणत होते. कासवाचा लौकिकच तसा, त्यामुळे शंका कोणाला यावी? मला पेढा निखतनं स्वतः भरवला. मी तो खाल्ला.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. त्यांनी लिहिलं की एकाही अक्षराचा फरक नसणं हे कासवाच्या मानानंही जास्तच आहे, आणखी एक चाचणी करा. ती बोटांच्या ठशांसारखी असते. सख्ख्या भावंडांचीही जुळत नाही. ती केली. पाच कासवांचे पाच ठसे एकच आले. पाच कासवं नव्हतीच, एकाच जनावराला पाच नावं दिलेली होती.

पुढचं तुला ठाऊक आहे. "फिरायचा कंटाळा आला म्हणून एका नळीच्या पाच केल्या," असं तिच्याबद्दल बोललं गेलं. प्रबंध नामंजूर झाला. प्रयोगशाळेतला एक जण माझ्यादेखत म्हणाला, "यायले आयतं पाह्यजे." यायले म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. मी बरणी पुसत होतो.

मी हे लोभानं केलं नाही. मला त्यातून काही मिळायचं नव्हतं. देवाच्या जिवाला दुखवायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. मी अडाणी भक्त माणूस. देव हे समजून घेईल असं मला वाटतं. तू घेशील का, हे मला ठाऊक नाही.

सतरा तारखेला मी समितीसमोर लेखी देणार आहे. अजून लिहिलेलं नाही. अकरा वर्षं नोकरी राहिली आहे, घरी सांगितलेलं नाही. पण देईन.

भाभींना सांगू नको. किंवा सांग, तुला वाटेल तसं.

तुझा,
जीवन

अमरावती,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

सत्तार,

या कागदावर श्री काढलेला नाही. ज्याचं नाव पुढे करून मागच्या पत्रात मी लपलो, त्याला आज यात ओढत नाही.

काल काय झालं ते तुला निखतनं सांगितलेलं नाही. सांगणार नाही असं ती म्हणाली. म्हणून मला सांगावं लागतं. पण त्याआधी मागच्या पत्रातलं दुरुस्त करतो.

मी लिहिलं की देवाच्या जिवाला सुई लावता आली नाही. ते खरं आहे, पण एकाच ठिकाणापुरतं. चारांतलं एकच देवस्थान होतं. पातूरला तर नदीचा डोह होता. मे महिना, पाणी आटलेलं. मी एक तास काठाकाठानं फिरलो. एक म्हातारा म्हणाला, "अजून दोन कोस वर जा, तिथं पाणी आहे, तिथं सापडन." मी मान डोलावली, स्टँडवर आलो, उसाचा रस प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. तिथे देव कुठे आडवा आला? ऊन आडवं आलं. चांदूरला आणि तिवशाला मी गेलोच नाही. एकदा विहीर सापडल्यावर कशाला जाऊ? पहिल्या खोट्याला भक्तीचं नाव होतं, दुसऱ्याला उन्हाचं. तिसऱ्या-चौथ्याला काही नावच नाही.

आणि नोंदवही. प्रत्येक कासवाचं वजन, लांबी, पकडल्याची वेळ तिच्यात लिहायची होती. मी एकाच कासवाला चार वेगळी वजनं लिहिली. कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी, खरं वाटेल असं. तिवशाच्या कासवापुढे 'डावा पाय किंचित अधू' असंही लिहिलं. निखत ते वाचून हळहळली होती. फोटो मागितले तर म्हणालो, उन्हानं फोन तापून बंद पडला. देवाच्या धाकानं ज्याला सुई धरता आली नाही, त्याचं पेन कुठेही अडलं नाही.

पोथी उतरवताना चूक होते ती निराळी. जाणून शब्द बदलणं निराळं. मी उतरवणारा नव्हतो, बदलणारा होतो.

अजून एक आहे. तेच खरं सांगायचं होतं, आणि दोन पत्रं त्याच्या भोवती फिरून आलो.

तुला वाटतं की जुलैतल्या त्या चौकशीला मी आलो नाही. मी आलो होतो, सत्तार. मला बोलावणं होतं. तू माझ्या दारात उभा राहून "चल" म्हणत होतास तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होतं. दुसऱ्या दिवशी तू मुख्य गेटजवळ उभा होतास, पांढरा सदरा, हातात डब्याची पिशवी. मी रस्त्यापलीकडून तुला पाहिलं आणि कॅन्टीनच्या बाजूच्या मागच्या दारानं आत गेलो.

त्यांनी विचारलं, "पाचही ठिकाणी तुम्ही गेला होता?"

मी म्हणालो, "हो."

"नळ्या तुम्ही मॅडमच्या विद्यार्थिनीकडे दिल्या?"

"हो."

"त्यानंतर नळ्यांचं काय झालं?"

मी म्हणालो, "लॅबमध्ये काय होते ते मले माहीत नाही साहेब. आमी फक्त आणून देतो."

हे लिहून घेतलं गेलं आणि खाली मी सही केली. तिच्यावरचा आळ माझ्या त्या एका वाक्यावर उभा होता. दुपारी मी मागच्या दारानंच घरी गेलो. तू चार वाजेपर्यंत गेटवर होतास, हे मला पहारेकऱ्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाला, "तुमच्या गावचे ते गादीवाले, दिवसभर उभे होते, डबा बी खाल्ला नाही."

आता कालचं.

माझ्या खिशात लेखी जबाब होता. रात्री चारदा लिहून फाडला होता, पाचवा नेला. या वेळी पुढच्या गेटनं गेलो. निखत वकारबरोबर आली होती. वाळली आहे. माझ्याकडे पाहिलं, सलाम केला. तिनं सलाम केला, सत्तार.

आत मला वाटत होतं की मी उठेन, सांगेन, आणि तिची सुटका होईल. खोटं कशाला बोलू, त्यात मला थोडं बरंही वाटत होतं, जणू मीच तिला सोडवणारा. पण तिनं मला तेवढंही ठेवलं नाही. आधी ती उठली. तिच्याकडे नवे कागद होते. परवानगीची मुदत वाढवून घेऊन या हिवाळ्यात ती स्वतः चारही ठिकाणी गेली होती. वकार सोबत होता. चार नवी कासवं, प्रत्येकाचा फोटो, जागा आणि वेळेसकट. सगळी नव्यानं तपासलेली. दोन खोऱ्यांतल्या कासवांत फरक निघाला. तितरांच्या मानानंही थोडा, उंदरांच्या मानानं तर अगदीच थोडा, पण निघाला. म्हणजे तिचं म्हणणं पहिल्यापासून खरं होतं. कासव हळूच बदलतं. मी प्रामाणिकपणे चार ठिकाणी फिरलो असतो तर हेच उत्तर आलं असतं, आणि आज ती डॉक्टर निखत असती. माझ्या खोट्याची कोणालाच गरज नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "हे ठीक आहे. पण मग आधीच्या चार नळ्या कशा आल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पेल्याकडे पाहत राहिली.

मी उठलो आणि सांगितलं. कागद काढला पण वाचता आला नाही, म्हणून तोंडानंच सांगितलं. विहीर, वजनं, अधू पाय, सगळं. अध्यक्षांनी माझा जुना जबाब काढून पुढे सरकवला. "ही सही तुमचीच ना?" म्हटलं, माझीच. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "जीवन, तुम्ही? तुम्ही तर रोज गंध लावून येता." त्या चिडून नाही बोलल्या, खरंच नवल वाटून बोलल्या. तेच जास्त लागलं.

समिती महिनाभरात कळवणार आहे. नमुन्यांची जबाबदारी शेवटी संशोधकाचीच, असं एक जण म्हणत होता, म्हणजे अजून काहीही होऊ शकतं. मला आज सकाळी कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोटिशीबद्दल मी तुझ्याकडे तक्रार करत नाही.

बाहेर व्हरांड्यात ती पाण्याच्या नळाजवळ उभी होती. मी जवळ गेलो. म्हणालो, "बेटा, मले आधीच सांगायला पाह्यजे होतं."

ती म्हणाली, "मले माहीत होतं काका."

"कधीपासून?"

"रिपोर्ट आला त्याच दिवसापासून. पाचातलं एक तं मी स्वतः काढलं होतं ना, तुमच्या विहिरीवर. बाकीचे चार त्याच्यासारखे निघाले म्हणजे कोणाच्या विहिरीतून आले, हे समजाले पीएचडी लागत नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी सांगसान म्हणून. जुलैत तुमाले आत बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर बाकावर होती. वाटलं, आता काका सांगतीन. मंग तुमची सही पाह्यली." तिनं नळ बंद केला. "त्याच्यानंतर मी सांगतलं असतं तं म्हणाले असते, शिपायावर ढकलून राहिली."

मी काही तरी म्हणायचं म्हणून तळ्याचं विचारलं. तिला आत जाऊ दिलं का?

तेव्हा ती पहिल्यांदा हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "वामनराव महाराजायनं विचारलं, कोणाची पोरगी? म्हणलं, अकोल्याच्या सत्तार गादीवाल्याची. त्यायनं विचारलं, त्याले दुखत तं नाही ना? म्हणलं, डास चावल्यासारखं. मंग धोतर खोचून सोताच पाण्यात उतरले अन् धरून देलं. म्हणाले, घे माय, सावकाश घे. अन् म्हणाले, मागं बी एक जण आलता असाच नळी घेऊन. पायरीवर बसून बसून गेला. इचारलं असतं तं मी त्याले बी धरून देलं असतं."

तीन वर्षं मी त्या पुजाऱ्याला माझ्या आणि तुझ्या लेकीच्या मध्ये उभं केलं होतं. तो तिथे नव्हताच. मीच उभा होतो.

निघताना मी तिला म्हणालो, अब्बाला मी दोन पत्रं टाकली आहेत. ती म्हणाली, "माहीत आहे. फोडले नाहीत त्यायनं. गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवले आहेत, फेकले बी नाहीत. मी काही सांगणार नाही. तुमीच सांगा. पण काका, कागदावर नका सांगू. कागदावर तुमी लय चांगलं लिहिता."

वकार स्कूटरवर वाट पाहत होता. ती गेली.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. परवा, गुरुवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला येतो, हे खिशात घेऊन. तुझ्या कारखान्यात मी शिरणार नाही. समोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन, दहा ते चार. तू गेटवर उभा होतास तेवढाच वेळ. मागच्या दारानं जाणार नाही. तू बोलावलंस तर आत येऊन हे सगळं तोंडानं सांगेन, तुझ्या कारागिरांदेखत. हे लिहिलं आहे ते बोलताना काही गाळू नये म्हणून. नाही बोलावलंस तर चारनंतरच्या गाडीनं परत फिरेन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. दहा-बारा दिवसांनी तुझे रोजे सुरू होतील. त्याच्या आत तुझ्या मनातला एक तरी चुकीचा समज जावा. मी आलो नव्हतो, असा तुझा समज आहे. मी आलो होतो.

विहिरीतल्या कासवाला शेवटचं पाहिलं तेव्हा त्यानं मला पाहून मान आत घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या मानेत मी चार वेळा सुई घातली आहे, ते विसरलेलं नाही.

पहिल्या पत्राखाली बालमित्र लिहिलं होतं, दुसऱ्याखाली तुझा लिहिलं होतं. आज दोन्ही लिहायला हात धजत नाही. तू ठरव, मग लिहीन. तोवर नुसतं नाव.

जीवन